पाठीमागचे चिमटे

उदगिरात, चौबाऱ्याजवळ,
जिलानीचाचांच्या स्टुडिओत एकच कोट आहे.
निळा. बेचाळीस मापाचा.
तालुक्यातली निम्मी पोरं त्याच कोटात उभी राहिलीत,
भरतीला, बँकेला, सोयरिकीला.
कुणाला ढगळ, कुणाला तंग,
म्हणून चाचांनी तो पाठीतून उभा उसवलाय
आणि मागून धुण्याचे चिमटे लावतात.
समोरून साहेब.
मागून वाळत घातलेला माणूस.

मी बारावीपासून तिथं जाते.
आधी नुसतं कापायला, एका पट्टीत आठ फोटो.
मग संगणकावर डाग पुसायला.
एक म्हातारी म्हणाली, देवीचे वण राहू दे, माय,
ते पुसलीस तर यमाला मी सापडायची नाही.
तेव्हापासून मी कमी पुसते.

एकदा चाचा असरच्या नमाजाला गेलेले.
पोलीस भरतीचा एकजण स्टुलावर,
मी पडदा सारखा करायला मागं गेले
आणि तिथंच थांबले.
साडेचार.
शटरच्या फटीतून डाळमिलची धूळ येत होती,
तुरीच्या फोलाची, पिवळी,
तिच्यामुळं उजेडाला अंग आलं होतं.
सहा चिमटे. दोन लाल, एक तुटका.
मधल्या फटीत बनियनची भोकं,
मानेवर ताज्या कटिंगचे केस.
पुढून तो छाती फुगवून थांबला होता,
पाठ मात्र श्वास घेत होती.
मी बटण दाबलं.

'काय करलालीस माघं?'
'पडदा.'
खोटं बोलले. मग राहवलं नाही, दाखवला.
तो बराच वेळ बघत बसला.
म्हणाला, कुणाला दावू नको हे.
दारातून परत आला, म्हणाला,
मला पाठव मात्र.

आता माझ्याकडे एक्केचाळीस पाठी आहेत,
विचारून काढलेल्या.
सात जण नको म्हणाले.
त्या सात मला जास्त पाठ आहेत.

पप्पा मोंढ्यात मापाडी.
काट्याशिवाय त्यांचा कशावर भरवसा नाही.
म्हणाले, फोटो तर शेंबडं लेकरूसुद्धा फोनवर काढलालंय,
त्याला दोन वर्षं शाळा?
मी म्हणाले, पोतं तर कुणीही उचलून सांगतं, पप्पा,
अंदाजे साठ किलो.
मग काटा कशाला?
ते हसले नाहीत.
रात्री ताटावरून उठता उठता विचारलं,
'आणि होस्टेलचे किती?'

मला काय येत नाही, ते मला माहीत आहे.
बैलबाजारात भर बाराला
पांढऱ्या देवणी वासरावर ऊन पडतं
आणि फोटोत वासरूच उरत नाही,
नुसतं दावं आणि चार खूर.
तीनदा गेले. तीनदा वासरू हरवलं.
ते उन्हातून परत कसं आणायचं
हे कुठंतरी, कुणालातरी येत असेल.
मला त्याच्यासमोर जाऊन बसायचंय.
एवढंच.
अर्जात पाचशे शब्द मागितलेत,
माझ्याकडे हे वासरू आहे.

दहा छायाचित्रं जोडा, असंही लिहिलंय.
आणि वर कोपऱ्यात एक चौकट:
अर्जदाराचा अलीकडचा फोटो,
समोरून, दोन्ही कान दिसावेत.

चाचांनी मला स्टुलावर बसवलं. कोट आणला.
मी नको म्हणाले, मग घातला.
आत हात घालताना बाहीत
कुणाकुणाचा घाम, पावडर, अत्तर.
चाचांची बोटं आता थरथरतात,
चिमटे लावायला वेळ गेला.
पाच लागले.

'हनुवटी खाली. डोळे इकडं. श्वास धर.'
धरला.
फ्लॅश उडाला.

मी उठायला गेले
तर चाचा कॅमेरा घेऊन माझ्या मागं गेलेले.
खुर्ची ओढल्याचा आवाज आला.
'बस तशीच, बेटा,' म्हणाले,
'उजेड यायला दहा मिनिटं आहेत अजून.'